खाऱ्या चिखलातले पक्षी आणि त्यांचं रक्त

थंडीत ओहोटी लागली की ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीचा काठ उघडा पडतो. तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर डोकावतात, निवट्या उड्या मारत बिळांकडे पळतात आणि पाणी मागे सरेल तसे त्याच्या कडेकडेनं करडे-तपकिरी पक्षी धावू लागतात. टिलवे, तुताऱ्या, चिखल्या, उंच गुलाबी पायांचे शेकाटे. यातला छोटा टिलवा जेमतेम वीस-तीस ग्रॅमचा, मुठीत सहज मावेल असा. पण तो आलेला असतो थेट सैबेरियाच्या टुंड्रामधून, वाटेत कितीतरी देशांच्या पाणथळींवर थांबत.

इतक्या ठिकाणचं पाणी आणि इतक्या ठिकाणचे डास अंगावर घेऊन आलेल्या पक्ष्याच्या रक्तात काय काय असेल? कुणालाही वाटेल की सतरा गावचे रोग असतील. जगात ठिकठिकाणी असे पक्षी पकडून त्यांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा बहुतेकांच्या रक्तात परजीवी सापडलेच नाहीत. याउलट कावळा, चिमणी, कबुतर या घरच्या पक्ष्यांच्या रक्तात ते सहज सापडतात. हा फरक का पडतो, हे समजून घ्यायला कोलशेतइतकी चांगली जागा नाही. इथे गोडं आणि खारं पाणी रोज एकमेकांत मिसळतं, आणि या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या मिठातच आहे.

रक्तात राहणारे तिघे

पक्ष्यांच्या रक्तात राहणारे सूक्ष्मजीव अनेक आहेत. अभ्यासकांच्या बोलण्यात मात्र तीन नावं पुन्हा पुन्हा येतात: प्लाझ्मोडियम, हिमोप्रोटियस आणि ल्युकोसायटोझून. तिघे जवळचे नातेवाईक, पण प्रत्येकाला पक्ष्यापर्यंत पोचवणारा कीटक वेगळा.

प्लाझ्मोडियमला डास लागतो. माणसाला हिवताप आणणारा जंतूही याच वंशातला, म्हणून पक्ष्यांच्या या आजाराला पक्ष्यांचा हिवताप म्हणतात. हिमोप्रोटियसला क्युलिकॉइडिस नावाचे अगदी बारीक चावरे कीटक वाहून नेतात. कबुतरांच्या बाबतीत हेच काम पिसांत दडून बसणारी एक चपटी माशी करते. एदमाँ आणि एतिएन सेर्जां या भावांनी १९०६ साली अल्जीरियात हे दाखवून दिलं. कबुतर हाताळणाऱ्यांना ही माशी ओळखीची असते. हात लावला की ती तिरकी सरपटत दुसऱ्या पिसाखाली जाते. तिसऱ्या ल्युकोसायटोझूनला काळी माशी लागते. तिच्या अळ्या वाहत्या पाण्यात वाढतात, त्यामुळे खाडीच्या संथ, गाळाच्या पाण्यात त्याला फारसा वाव नाही.

थेंबभर रक्त, एक काचपट्टी

रानटी पक्षी पकडायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगी लागते, आणि ती असावीच. परवानगी घेतलेले अभ्यासक बारीक धाग्यांची जाळी लावतात, सापडलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवतात, त्याचं वजन करतात, पंख आणि चोच मोजतात. मग पंखाच्या आतल्या बाजूच्या शिरेला सुई टोचून रक्त घेतात. नियम असा की पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही. वीस ग्रॅमच्या टिलव्याला हा हिशेब लावला तर फार तर ०.२ मिलिलिटर. प्रत्यक्षात तपासणीला एखादा थेंबही पुरतो.

हा थेंब काचपट्टीवर पातळ पसरवतात, वाळवतात, मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करतात आणि गिम्सा नावाच्या रंगद्रव्यानं रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पहिली नवलाची गोष्ट परजीवीची नसते, पक्ष्याची असते. आपल्या तांबड्या रक्तपेशी गोल चकत्यांसारख्या असून त्यांना केंद्रक नसतं. पक्ष्याच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळं केंद्रक दिसतं. हिमोप्रोटियस त्या केंद्रकाला कुशीत घेतल्यासारखा वळून बसतो. प्लाझ्मोडियम त्याच पेशीत वाढतो, फुटतो आणि नव्या पेशींत शिरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन खाऊन झाल्यावर दोघेही तपकिरी-काळ्या रंगाचे कण मागे टाकतात. ल्युकोसायटोझूनच्या अंगात हे कण नसतात. अनुभवी नजर एवढ्या खुणेवरून दोघांना बाजूला काढते.

हे काम चिकाटीचं आहे. जुनाट संसर्गात हजारो पेशींमागे एखाद्याच पेशीत परजीवी असतो, आणि एका पट्टीवरचे शेकडो भाग डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. आता त्याच्या जोडीला डीएनएची तपासणी आली आहे. परजीवीच्या एका ठरावीक जनुकाचा तुकडा वाचून त्याचा वंश ओळखतात. असे वंश एकत्र नोंदवणारा ‘मालअवी’ हा जागतिक संग्रह २००९ पासून अभ्यासकांच्या हाताशी आहे. त्यामुळे सैबेरियात सापडलेला वंश आणि भारतात सापडलेला वंश एकच की वेगळे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं. माझ्या मते तरीही काचपट्टी सोडू नये. डीएनए सांगतो की परजीवीचा अंश रक्तात आहे. तो पक्ष्याच्या पेशीत शिरून वाढतो आहे की वाटेतच अडला आहे, हे पट्टीच दाखवते.

रॉस यांच्या चिमण्या

हिवताप डासामुळे होतो हे आपण शाळेत शिकतो. त्या शोधाचा शेवटचा, निर्णायक टप्पा पक्ष्यांच्या रक्तातून गेला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीची वाढ पाहिली. पुढचा प्रश्न होता की डासाच्या पोटातून तो पुन्हा माणसात कसा येतो. १८९८ साली रॉस कलकत्त्यात होते. मुंबईत १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगची धास्ती देशभर पसरली होती आणि सुई घेऊन आलेल्या सरकारी डॉक्टरला बोट पुढे करायला लोक तयार नव्हते. रॉस पक्ष्यांकडे वळले. महंमद बक्ष हा त्यांचा मदतनीस पक्षी आणि डास गोळा करून आणी. आजारी चिमण्यांवर आणि चंडोलांवर डास सोडायचे, मग ते डास दिवसादिवसानं चिरून पाहायचे, असं काम चालू झालं. जुलै १८९८ मध्ये परजीवीची सुईसारखी रूपं डासाच्या लाळग्रंथींत सापडली. ते डास निरोगी चिमण्यांना चावले आणि चिमण्या आजारी पडल्या. साखळी पूर्ण झाली. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं.

ज्या ‘राखाडी डासां’वर हे प्रयोग झाले ते क्युलेक्स जातीचे, आज ज्यांना क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस म्हणतात ते. ठाण्याच्या गटारांत, शौचटाक्यांत, तुंबलेल्या नाल्यांत वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा आणि हत्तीरोग पसरवणारा डास तो हाच. सव्वाशे वर्षांनंतरही आपण आणि आपल्या चिमण्या त्याच डासाच्या वाट्याला आहोत.

पक्ष्यांचे उपकार इथे संपत नाहीत. १९२०च्या दशकात जर्मनीत हिवतापावरची कृत्रिम औषधं आधी कॅनरी पक्ष्यांवर तपासली गेली. परजीवी रक्तात येण्यापूर्वी दुसऱ्या पेशींत लपून वाढतो, हे जेम्स आणि टेट यांना १९३७ साली कोंबडीत दिसलं. माणसाच्या यकृतातली तशीच अवस्था शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ साली शोधली, ती या वाटेनं शोधत गेल्यामुळेच.

मिठाचं कवच

आता मूळ प्रश्नाकडे. खाडीकाठच्या पक्ष्यांचं रक्त स्वच्छ का?

१९९७ साली थ्यूनिस पीअर्स्मा या डच शास्त्रज्ञानं एक विचार मांडला. जगभर फिरणाऱ्या किनारी पक्ष्यांचे दोन गट पडतात. एक गट थंड टुंड्रात अंडी घालतो आणि बाकीचं वर्ष समुद्रकाठच्या खाऱ्या चिखलात काढतो. दुसरा गट दोन्ही ऋतूंत गोड्या पाण्याच्या, उबदार जागा निवडतो. पहिल्या गटानं परजीवी कमी असलेल्या जागाच धरल्या आहेत, त्यामुळे त्याला रोगप्रतिकारावर कमी शक्ती खर्चावी लागत असेल, असं त्याचं म्हणणं. दोनच वर्षांनी स्पेनच्या जोर्दी फिगेरोला यांनी पाणपक्ष्यांच्या रक्ततपासण्यांची तुलना करून दाखवलं की खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जातींत रक्तपरजीवींचं प्रमाण कमी असतं. २००५ साली मेंडेस आणि सहकाऱ्यांनी किनारी पक्ष्यांमध्येच समुद्रकाठच्या आणि गोड्या पाण्याच्या जाती वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हाही हिवताप मिळाला तो गोड्या पाण्याच्या बाजूला.

यामागची कारणं एकाहून जास्त आहेत. सर्वांत उघड कारण डासाचं. बहुतेक डासांच्या अळ्यांना मीठ सोसत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी: दिवसातून दोनदा येणारं-जाणारं पाणी अळीला एका जागी आठवडाभर राहू देत नाही. दुसरं कारण थंडीचं. टुंड्रात उन्हाळ्यात डासांचे थवेच्या थवे असतात, पण डासाच्या पोटात परजीवी वाढायला ऊब लागते. पक्ष्यांच्या हिवतापाचा प्लाझ्मोडियम रेलिक्टम हा नेहमीचा परजीवी साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली वाढतच नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते अशा सुरक्षित गारव्यात. तिसरं कारण परजीवीच्या आवडीनिवडीचं. स्थानिक डासांत फिरणारे परजीवी स्थानिक पक्ष्यांच्या, म्हणजे कावळ्या-चिमण्यांच्या, रक्ताशी जुळलेले असतात. टिलव्याच्या रक्तात उतरले तरी तिथे त्यांचं बस्तान बसेलच असं नाही.

या तिसऱ्या कारणाला मी बरंच वजन देतो. ‘खाऱ्या पाण्यात डास नसतात’ हे वाक्य फार सरळ आहे. तिवरांत संध्याकाळी उभं राहिलेल्या कुणालाही ते पटणार नाही. क्युलेक्स सिटिएन्ससारखे डास मचूळ पाण्याच्या डबक्यांत मजेत वाढतात. क्युलिकॉइडिसच्या काही जातींना तर खाडीचा चिखलच लागतो. म्हणजे चावणारे कीटक खाडीत आहेत. तरीही पक्ष्यांचं रक्त बहुधा स्वच्छ राहतं, तेव्हा मिठाच्या जोडीला दुसरंही काहीतरी काम करत असणार.

आणि मीठ फुकट मिळत नाही. या पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथी असतात. अन्नातून आलेलं जास्तीचं मीठ त्या नाकपुड्यांवाटे थेंबाथेंबानं बाहेर टाकतात. त्या चालवायला शक्ती लागते. डनलिन नावाच्या तुतारीच्या भावंडावर केलेल्या एका प्रयोगात खारं पाणी प्यायलेल्या पक्ष्यांचा प्रतिकार मंदावलेला दिसला. डासांपासून सुटका मिळते, पण तिची किंमत पक्ष्याला रोज मोजावी लागते.

कोलशेतचं पाणी

उल्हास नदी राजमाचीकडच्या डोंगरांतून उतरते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे तिची खाडी होते. भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा कळव्याकडून ठाणे खाडीत जातो. मुख्य प्रवाह काशेळी, कोलशेत, नागला बंदर, घोडबंदर असा वसईकडे निघतो. पावसाळ्यात कोलशेतला या पाण्याची चव जवळजवळ गोडी असते. नदीचा जोर ओसरला की समुद्र आत सरकू लागतो आणि होळीच्या सुमाराला पाणी चांगलंच खारं झालेलं असतं.

हा क्रम पक्ष्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. पहिल्या तुताऱ्या ऑगस्टमध्येच उतरू लागतात. त्या वेळी खाडी गोडी असते आणि शहरात डासांचा हंगाम जोरात असतो. एप्रिल-मेमध्ये पक्षी उत्तरेला निघतात तेव्हा खाडी सर्वांत खारी असते. याचा अर्थ आल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने हाच त्यांचा जोखमीचा काळ. शिवाय एकाच नदीवर तीन पायऱ्या तयार होतात. कल्याण-डोंबिवलीकडच्या भातखाचरांत आणि तळ्यांत ठिपकेदार तुतारी गोड्या पाण्यावर राहते, कोलशेतला मचूळ पाण्याचे पक्षी, आणि ऐरोली-भांडुपच्या खाजणात खाऱ्या पाण्याचे. ठाणे खाडीतला १६.९ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे आणि २०२२ साली ही खाडी पाणथळींच्या रामसर यादीत गेली. तिथे चिखल निदान कागदावर तरी सुरक्षित आहे. कोलशेतच्या बाजूला तसं छत्र नाही.

बारा महिने इथेच राहणारी टिटवी या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते. तिचं रात्रीचं ओरडणं अशुभ मानतात. ती मोकळ्या माळावर, बांधकामाच्या सपाट केलेल्या जागेवर, अगदी दगडखडीतही अंडी घालते. तिची पिल्लं इथल्याच डासांत वाढतात. तिच्या रक्तात जे सापडेल ते नक्की इथलं. पाहुण्या तुतारीच्या रक्तात सापडलं तर ते कुठून आलं, हा प्रश्न उरतो. गावचा हिशेब करायचा तर गावकऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

माझी काळजी आहे ती भरावाची. खाडीच्या काठावर राडारोडा टाकला जातो, तेव्हा तिवर मरतात हे दिसतं. भरतीची वाट बुजते हे लगेच दिसत नाही. पाणी आत यायचं थांबलं की मागे उरलेल्या खोलगट जागेत पावसाचं आणि नाल्याचं पाणी साचतं. मीठ धुऊन जातं, सांडपाणी मिसळतं, आणि क्युलेक्सला हवी तशी जागा तयार होते, तीही पक्ष्यांच्या उंबरठ्यावर. दुसरीकडे, भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली जातो तेव्हा पक्ष्यांना दाटीवाटीनं बसायला उंच, उघडी, खारी जागा लागते: जुने मिठागराचे बांध, खाजणाच्या कडा. त्या गेल्या की पक्षी आतल्या डबक्यांच्या काठी सरकतात. डास आणि पक्षी असे दोन्ही बाजूंनी जवळ येतात. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली तिवरांची कत्तल हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला आणि तिवरांभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. त्या पट्ट्यात भरतीचं पाणी पोचतं की नाही, हेही तितक्याच बारकाईनं पाहायला हवं.

पक्ष्याला त्रास होतो का

बहुतेकदा पक्षी पहिल्या तापातून वाचतो आणि परजीवी थोड्या संख्येनं त्याच्या अंगात राहतो. पूर्वी अभ्यासक म्हणत की अशा जुनाट संसर्गानं काही बिघडत नाही. २०१५ साली स्वीडनमधल्या बोरूच्या बनातल्या एका जातीच्या वटवट्यांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. सौम्य संसर्ग असलेल्या पक्ष्यांच्या गुणसूत्रांची टोकं लवकर झिजली होती, आणि ते पक्षी कमी वर्षं जगले.

जिथे पक्ष्यांची परजीवीशी आधी गाठच पडलेली नव्हती, तिथे मात्र संहार झाला. हवाई बेटांवर १८२६ पर्यंत डास नव्हता. तो जहाजातल्या पाण्याच्या पिंपांतून आला, आणि तो हाच आपला क्युलेक्स होता. पुढे बाहेरच्या पक्ष्यांबरोबर हिवताप आला आणि सखल भागातले मूळचे रानपक्षी झपाट्यानं नाहीसे झाले. उरलेले थंड डोंगरमाथ्यांवर तग धरून आहेत. प्राणिसंग्रहालयांतले पेंग्विनही याच रोगानं मरतात.

माणसाला भीती आहे का

नाही. पक्ष्यांच्या हिवतापाचे परजीवी माणसाच्या रक्तात वाढत नाहीत. खाडीवर पक्षी उतरले म्हणून ठाण्यात मलेरिया वाढत नाही. तो वाढतो ॲनॉफिलिस स्टेफेन्सीमुळे, आणि हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो: गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामावरचं साचवलेलं पाणी. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या विहिरींबद्दल १९११ सालच्या अहवालात हेच सांगितलं होतं.

बर्ड फ्लूची गोष्ट निराळी आहे. तो विषाणू आहे, त्याला डास लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांमध्ये तो आढळला होता. म्हणून मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये; पशुसंवर्धन किंवा वन विभागाला कळवावं.

पायातलं कडं

आपल्याकडे ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते एका आजाराच्या तपासामुळे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापानं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, त्यामागचा विषाणू शोधला. तो गोचिडींतून पसरत होता. रशियातल्या एका विषाणूशी त्याचं नातं निघालं, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील का, अशी शंका निघाली. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५९ साली सालीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्षी पकडून, गोचिडी वेचून, कडी घालायला सुरुवात केली. १९६३ ते १९७१ या काळात एलियट मॅक्लूर यांच्या देखरेखीखाली अशीच मोहीम आशियाभर चालली. तिच्यात रक्ताच्या पट्ट्याही जमवल्या गेल्या, आणि १९७८ साली दक्षिण आणि पूर्व आशियातल्या पक्ष्यांच्या रक्तपरजीवींवरचा ग्रंथ त्यातून तयार झाला.

कड्याशिवाय रक्ताचा थेंब अर्धवट बोलतो. पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा सापडला तरच कळतं की संसर्ग टिकला की गेला, आणि तो जगला किती. कोलशेतच्या काठावर एखादा पक्षी पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी घातलेला दिसला, तर त्याचा फोटो काढावा, आकडे-अक्षरं, पट्टीचा रंग, कोणत्या पायात आहे, तारीख आणि जागा टिपून घ्यावी आणि सोसायटीच्या मुंबईच्या पत्त्यावर कळवावं. पक्षी जिवंत असेल तर कडं काढू नये. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत कोरलेलं असतं: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.